अणूंचे वजन करणारा शाळामास्तर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गोष्ट आहे. फ्रान्समधील एक नामवंत रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडच्या प्रवासात मुद्दाम वाट वाकडी करून मँचेस्टर शहरी आला. जॉन डाल्टन या थोर शास्त्रज्ञाची भेट घ्यावी, त्याची प्रयोगशाळा पाहावी, त्याच्याभोवती जमलेला शिष्यपरिवार डोळे भरून पाहावा, अशी त्याची इच्छा होती. विचारपूस करीत करीत तो एका साध्या घरापाशी येऊन पोचला. आत पाहतो तो काय! साध्या राखी रंगाचे मोजे आणि गळ्याशी पांढरे वस्त्र ल्यालेला एक प्रौढ गृहस्थ एका लहान मुलाच्या खांद्यावरून वाकून त्याचे गणित तपाशीत होता. जॉन डाल्टन ते आपणच काय, असे पाहुण्याने अदबीने विचारले. गृहस्थाने होकार दिला. आणि या मुलाच्या हिशेबातील चूक दुरुस्त होईपर्यंत कृपा करून थोडे बसावे, अशी विनंती केली.

ही आख्यायिका आहे. तिच्या तपशिलात थोडेफार कमीअधिक असेल. परंतु तिच्यातून दिसणारा माणूस मात्र अगदी खरा आहे. ज्याच्या नावाला युरोपातील विद्वत्सभा मान देत होत्या, तो पुरुष मुलांना अंकगणित शिकवून आपला चरितार्थ चालवीत होता आणि त्यात त्याला यत्किंचितही कमीपणा वाटत नव्हता.

इंग्लंडच्या वायव्य भागात कंबरलंड नावाचा डोंगराळ परगणा होता. तेथील ईगल्सफील्ड या खेड्यात सप्टेंबर १७६६ मध्ये जॉनचा जन्म झाला. त्याचे वडील विणकर होते. हातमागावर कापड विणावे, जोडीला थोडीशी शेती करावी आणि मिळेल त्यात समाधानाने राहावे, असा त्या कुटुंबाचा जीवनक्रम होता. ही मंडळी क्वेकर पंथाची होती. साधा पोशाख, खरे बोलणे आणि सर्व माणसांना समान लेखणे ही या पंथाची शिकवण. भडक रंगाची वस्त्रे क्वेकर लोक वर्ज्य मानीत. ते इंग्लंडच्या राजमान्य धर्मसंस्थेत सामील नव्हते. त्यामुळे ऑक्सफर्डचे विद्यापीठ त्यांना प्रवेश देत नसे आणि केंब्रिजची पदवीही त्यांना मिळत नसे. जॉन कितीही हुशार निघाला असता, तरी त्या काळातील श्रेष्ठ विद्यापीठांचे दार त्याच्यासाठी बंदच होते.

परंतु गावची शाळा मात्र उघडी होती. जॉन फ्लेचर नावाचे शिक्षक तेथे शिकवीत असत. गावातच एलिहू रॉबिन्सन नावाचे एक सधन क्वेकर गृहस्थ राहत. त्यांना हवामानाचा अभ्यास करण्याची आणि निरनिराळी उपकरणे तयार करण्याची आवड होती. गणिताचे कठीण उदाहरण सुटल्यावाचून न उठणारा हा विणकराचा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. ते त्याला आपल्या घरी बोलावून गणित शिकवू लागले. ज्या वयात मुले शाळेत धडे गिरवीत असतात, त्या बाराव्या वर्षी, म्हणजे १७७८ साली, जॉन स्वतःच गावच्या मुलांना शिकवू लागला. त्याच्या वर्गात त्याच्याहून वयाने मोठी आणि अंगाने दांडगी मुलेही होती. बालशिक्षकाला दटावण्यास ती कमी करीत नसत असे सांगतात. तरीही जॉनने आपले काम सोडले नाही. शाळेची मिळकत पुरेना, तेव्हा तो शेतावर राबला. मात्र पुस्तके त्याने हातावेगळी केली नाहीत.

१७८१ साली तो केंडल या गावी गेला. त्याचा थोरला भाऊ जोनाथन तेथील क्वेकर शाळेत काम करीत होता. पुढे दोघा भावांनी मिळून ती शाळा चालविली. याच गावात जॉनला त्याचा खरा गुरू भेटला. जॉन गॉफ हे त्या गुरूचे नाव. देवीच्या रोगाने लहानपणीच गॉफची दृष्टी गेली होती. परंतु लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच भाषांत व गणितात तो पारंगत होता. स्पर्श, वास आणि चव यांवरून तो आसपासच्या वनस्पती अचूक ओळखी. विख्यात कवी वर्ड्‌स्वर्थ याने आपल्या काव्यात त्याचा गौरव केला आहे. या अंध विद्वानाने जॉनला भाषा शिकविल्या, गणित शिकविले, आणि सृष्टीकडे रोज नेमाने पाहण्याची व पाहिलेले तत्काळ लिहून ठेवण्याची सवय लावली. ज्याला स्वतःला काही दिसत नव्हते, त्याने दुसऱ्याला निरीक्षण करण्यास शिकवावे, हा केवढा विलक्षण योग!

गुरूच्या सांगण्यावरून जॉनने २४ मार्च १७८७ रोजी हवामानाची रोजनिशी सुरू केली. हवेचा दाब किती, उष्णतामान किती, वारा कोणत्या दिशेचा, पाऊस किती, हे तो दररोज टिपू लागला. उपकरणे विकत घेण्यास पैसे नव्हते, म्हणून वायुभारमापक आणि उष्णतामापक त्याने आपल्या हातांनी बनविले. सवड मिळताच ही उपकरणे बरोबर घेऊन तो आसपासचे डोंगर चढे. हेल्व्हेलिन या शिखरावर तर तो अनेक वेळा गेला. ही रोजनिशी त्याने पुढे सत्तावन्न वर्षे चालविली आणि तिच्यात दोन लाखांहून अधिक नोंदी झाल्या. पावसापाण्याच्या या रुक्ष आकड्यांतून काय निष्पन्न होणार, असे कोणासही वाटले असते. परंतु या आकड्यांनीच त्याला एका महान शोधाच्या उंबरठ्यावर नेऊन उभे केले.

१७९३ साली डाल्टन मँचेस्टरला गेला. राजमान्य धर्मसंस्थेबाहेरील लोकांनी चालविलेल्या एका महाविद्यालयात त्याला गणिताच्या व सृष्टिविज्ञानाच्या शिक्षकाची जागा मिळाली होती. दुसऱ्याच वर्षी तो तेथील साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळाचा सभासद झाला. या मंडळापुढे त्याने वाचलेला पहिला निबंध स्वतःच्याच एका उणिवेविषयी होता. जिरेनियमचे एक गुलाबी फूल त्याला दिवसा निळसर दिसे. परंतु रात्री मेणबत्तीच्या उजेडात तेच फूल तांबडे भासे. मित्रांना विचारले, तर त्यांना असा फरक मुळीच दिसत नव्हता. भावाला विचारले, तर त्यालाही फूल तसेच दिसत होते! आपल्या डोळ्यांना रंग इतरांसारखे दिसत नाहीत आणि ही उणीव जन्मजात आहे, हे डाल्टनच्या ध्यानात आले. दुसऱ्या एखाद्याने हे वैगुण्य लपविले असते. डाल्टनने त्याची बारकाईने परीक्षा केली आणि ती विद्वानांपुढे मांडली. रंगांधत्वाचा हा पहिला महत्त्वाचा शास्त्रीय अभ्यास होय. फ्रेंच, स्पॅनिश आदी भाषांत रंगांधत्वाला त्याच्याच नावावरून शब्द रूढ झाला आहे.

१८०० साली त्याने महाविद्यालयाची नोकरी सोडली आणि तो खाजगी शिकवण्या करू लागला. मंडळाने आपल्या वास्तूतील एक खोली त्याला अभ्यासासाठी दिली. दिवसाचा काही वेळ शिकवण्यांत जाई. उरलेल्या वेळात तो आपल्या जुन्या सोबतिणीचा, हवेचा, विचार करी.

हवा हा एकच पदार्थ नसून ते अनेक वायूंचे मिश्रण आहे, हे त्या सुमारास कळून चुकले होते. तिच्यात नायट्रोजन आहे, ऑक्सिजन म्हणजे प्राणवायू आहे आणि पाण्याची वाफही आहे. यांपैकी ऑक्सिजन नायट्रोजनहून जड, तर वाफ दोहोंपेक्षा हलकी. तेल पाण्याहून हलके असल्याने पाण्यावर तरंगते. मग जड ऑक्सिजन खाली, त्यावर नायट्रोजन आणि सर्वांवर वाफ, असे हवेचे थर का होत नाहीत? डोंगराच्या पायथ्याशी आणि माथ्यावर नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच का असते? हा प्रश्न डाल्टनच्या मनात घर करून बसला. प्रत्येक वायू हा अतिशय सूक्ष्म आणि एकमेकांपासून अलग असलेल्या कणांचा बनलेला आहे, असे मानले तर कोडे उलगडते. एका वायूचे कण दुसऱ्याच्या कणांमधील मोकळ्या जागेत पसरू शकतात. मिश्रणातील प्रत्येक वायू जणू दुसरा तेथे नाहीच अशा रीतीने आपापला दाब देतो, हा नियम डाल्टनने १८०१ मध्ये मांडला. वायूंचे कण स्वस्थ नसून सारखे इतस्ततः धावत असतात, हे ज्ञान मात्र जगाला पुढे झाले.

एका प्रश्नातून दुसरा प्रश्न निघाला. काही वायू पाण्यात पुष्कळ विरघळतात, तर काही अगदी थोडे विरघळतात. असे का व्हावे? निरनिराळ्या वायूंच्या कणांचे वजन निरनिराळे असेल काय? तसे असेल, तर ते वजन शोधून काढले पाहिजे, असे डाल्टनने ठरविले.

पदार्थ सूक्ष्म कणांचे बनलेले आहेत, हा विचार काही नवा नव्हता. भारतात वैशेषिक दर्शनाचा कर्ता कणाद याने परमाणूंचा सिद्धान्त प्राचीन काळीच सांगितला होता. ग्रीस देशात डेमॉक्रिटस यानेही तसाच विचार मांडला होता. परंतु त्या सर्वांचा आधार तर्काचा होता. या अदृश्य कणांना तराजूत घालण्याचे धाडस कोणी केले नव्हते. जो कण डोळ्यांना दिसत नाही आणि चिमटीत धरता येत नाही, त्याचे वजन करावयाचे तरी कसे?

डाल्टनची युक्ती एका साध्या उदाहरणाने समजेल. एका दुकानात कुलुपे आणि किल्ल्या आहेत. सगळी कुलुपे सारख्या वजनाची आणि सगळ्या किल्ल्याही सारख्या वजनाच्या. दुकानदाराने सर्व कुलुपांचा एक ढीग केला आणि सर्व किल्ल्यांचा दुसरा. कुलुपांचा ढीग आठ किलो भरला आणि किल्ल्यांचा एक किलो. प्रत्येक कुलुपाला एकच किल्ली असेल, तर एकही कुलूप न मोजता सांगता येईल, की एक कुलूप एका किल्लीच्या आठपट जड आहे. डाल्टनने नेमके हेच केले. ऑक्सिजन आणि हायड्रोजन हे दोन वायू संयोग पावून पाणी तयार होते. पाणी नदीचे असो वा पावसाचे, शुद्ध केल्यावर त्यातील या दोहोंच्या वजनांचे प्रमाण कधी बदलत नाही. संयुगातील घटकांचे प्रमाण असे ठरलेले असते, हे जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते. पाण्याच्या प्रत्येक कणात ऑक्सिजनचा एक अणू व हायड्रोजनचा एक अणू असणार, असे डाल्टनने गृहीत धरले. हायड्रोजन सर्वांत हलका. म्हणून त्याच्या अणूचा भार १ मानला आणि त्याच्या तुलनेने इतर अणूंचे भार काढले. ६ सप्टेंबर १८०३ रोजी त्याच्या वहीत अणुभारांचे पहिले कोष्टक लिहिले गेले. अणू आता केवळ कल्पनेत राहिला नाही; तो हिशेबात आला.

परंतु हिशेब खरा कशावरून? डाल्टनने एक कसोटी लावली. अणू अखंड असेल, तर एका अणूशी दुसऱ्याचा एक अणू जुळेल, दोन जुळतील, तीन जुळतील. परंतु दीड किंवा सव्वा अणू कदापि जुळणार नाही. आता कोळशाचेच पाहा. कोळशातील मुख्य द्रव्य कार्बन. तो अपुऱ्या हवेत जळला म्हणजे एक विषारी वायू तयार होतो, आणि भरपूर हवेत जळला म्हणजे दुसरा एक वायू तयार होतो. पहिल्यात ३ भाग कार्बनशी ४ भाग ऑक्सिजन जुळलेला असतो, तर दुसऱ्यात तितक्याच कार्बनशी ८ भाग. बरोबर दुप्पट! पहिल्या वायूत कार्बनच्या एका अणूशी ऑक्सिजनचा एक अणू आहे आणि दुसऱ्यात दोन आहेत, म्हणूनच हे घडते.

१८०४ च्या उन्हाळ्यात डाल्टन मँचेस्टरच्या आसपासची डबकी धुंडाळीत हिंडला. साचलेल्या पाण्यातील चिखल काठीने ढवळला की वायूचे बुडबुडे वर येतात. पाण्याने भरलेली बाटली त्यांवर पालथी धरून तो हा वायू गोळा करी. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. कार्बन व हायड्रोजन यांच्याच एथिलीन नावाच्या दुसऱ्या वायूशी त्याची तुलना करता, तितक्याच कार्बनशी मिथेनमध्ये हायड्रोजन दुप्पट आढळला. पुन्हा पूर्णांकच! डबक्याच्या काठी वाकलेल्या डाल्टनचे आणि कुतूहलाने पाहणाऱ्या मुलांचे भव्य चित्र पुढे फोर्ड मॅडॉक्स ब्राउन या चित्रकाराने मँचेस्टरच्या नगरभवनात रंगविले.

१८०८ साली डाल्टनच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यातील विचारांचे सार असे होते. सर्व पदार्थ अणूंचे बनलेले आहेत. एका मूलद्रव्याचे सर्व अणू परस्परांसारखे असतात. निरनिराळ्या मूलद्रव्यांचे अणू मात्र वजनाने भिन्न असतात. अणू लहान पूर्णांकांच्या प्रमाणात जोडले जाऊन संयुगे बनतात. रासायनिक क्रियेत नवे अणू निर्माण होत नाहीत आणि असलेले नाश पावत नाहीत. ते केवळ एकमेकांपासून सुटतात आणि नव्या रीतीने जोडले जातात. क्रियेच्या आधी व नंतर एकूण वजन तेवढेच राहते, हे फ्रान्सच्या लव्हॉझिए याने तराजूने सिद्ध केले होते. तसे का व्हावे, याचे उत्तर आता मिळाले. चुलीतील कोळसा जळून दिसेनासा झाला, तरी त्याचा एकही अणू हरवलेला नसतो. हवेतील ऑक्सिजनचा हात धरून तो वायुरूपाने निघून गेलेला असतो.

डाल्टन हाडाचा शिक्षक होता. न दिसणारी वस्तू मुलांच्या डोळ्यांपुढे कशी उभी करावी, याचा विचार त्याने केला नसता तरच नवल. प्रत्येक अणूसाठी त्याने एकेक वर्तुळ योजिले. नुसते वर्तुळ म्हणजे ऑक्सिजन, मध्ये ठिपका असलेले म्हणजे हायड्रोजन, उभी रेघ असलेले म्हणजे नायट्रोजन आणि काळे भरलेले म्हणजे कार्बन. पीटर एवर्ट या मित्राने त्याला लाकडाचे लहान लहान गोळे करून दिले. ते जोडून तो संयुगांची रचना दाखवीत असे. पुढे स्वीडनच्या बर्झेलियसने अक्षरांची चिन्हे सुचविली आणि तीच जगभर रूढ झाली. डाल्टनला मात्र ती कधी आवडली नाहीत.

थोर माणसाच्याही हातून चुका होतात. पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एकच अणू आहे, हे डाल्टनने केवळ गृहीत धरले होते. पुन्हा त्या दुकानात जाऊन पाहू. प्रत्येक कुलुपाला एकाऐवजी दोन किल्ल्या असतील तर? मग तेच ढीग, तेच वजन. परंतु एक कुलूप एका किल्लीच्या आठपट नव्हे, तर सोळापट जड ठरेल! पाण्याच्या बाबतीत असेच होते. त्यातच डाल्टनची उपकरणे साधी होती, म्हणून ऑक्सिजनचा भार त्याने प्रथम साडेपाच आणि मागाहून सात काढला. खरा भार सोळा आहे. दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन यांपासून दोन माप वाफ होते, असे फ्रान्सच्या गे-ल्युसॅकने दाखविले. ऑक्सिजनचा अणू दुभंगल्याशिवाय हे कसे शक्य आहे, असे वाटून डाल्टनने ते मानले नाही. ऑक्सिजन वायूत दोन दोन अणूंच्या जोड्या असतात आणि क्रियेच्या वेळी त्या सुटतात, हे उत्तर इटलीच्या ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये सुचविले; परंतु एकाच जातीचे दोन अणू परस्परांशी जोडले जातील, हे डाल्टनला पटण्यासारखे नव्हते. आयुष्यभर तो आपल्या मताला चिकटून राहिला. जो पुरावा त्याचा सिद्धान्त अधिक बळकट करणारा होता, तोच त्याने दूर लोटला. त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १८६० साली, कार्लस्रूए येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारोने ॲव्होगाड्रोचा विचार पुन्हा मांडला, तेव्हापासून हा गोंधळ मिटू लागला.

चुका असूनही डाल्टनच्या सिद्धान्ताचा गाभा अभंग होता, हे विद्वानांनी ओळखले. १८२२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले आणि १८२६ मध्ये पदक दिले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही त्याला मान दिला. ज्या ऑक्सफर्डचे दार त्याच्या पंथाला बंद होते, त्याच विद्यापीठाने १८३२ मध्ये त्याला सन्माननीय पदवी अर्पण केली. १८३४ साली राजाच्या भेटीची वेळ आली, तेव्हा या पदवीचा झगा घालून जाण्याचे ठरले. परंतु तो झगा होता लालभडक! क्वेकर माणसाने असा रंग अंगावर कसा घालावा? मित्र चिंतेत पडले. डाल्टन मात्र निश्चिंत होता. त्याच्या डोळ्यांना तो झगा मुळी लाल दिसतच नव्हता! लोकांच्या कौतुकमिश्रित नजरा झेलीत तो राजाला भेटून आला. एवढे मानसन्मान लाभले, तरी त्याची राहणी बदलली नाही. तो अविवाहित राहिला. एका मित्राच्या कुटुंबात त्याने अनेक वर्षे काढली, आणि सरकारी निवृत्तिवेतन मिळू लागेपर्यंत शिकवण्यांवरच त्याचा निर्वाह चालला.

१८३७ साली त्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाणी अडखळू लागली, हात कापू लागला. परंतु रोजनिशीत खंड पडला नाही. २६ जुलै १८४४ च्या रात्री त्याने थरथरत्या हाताने त्या दिवसाचे हवामान टिपले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची प्राणज्योत मालवली. मँचेस्टरच्या सुमारे ४० हजार नागरिकांनी त्याच्या पार्थिव देहाचे अंत्यदर्शन घेतले. विणकराच्या मुलाला कापडगिरण्यांच्या त्या शहराने राजासारखा निरोप दिला.

मृत्यूनंतरही त्याचा एक प्रयोग शिल्लक होता. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, म्हणून आपणांस रंग निराळे दिसतात, असे त्याला वाटे. या समजुतीची परीक्षा व्हावी, म्हणून मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत, असे त्याने सांगून ठेवले होते. त्याप्रमाणे डॉक्टरांनी डोळे तपासले. द्रव पाण्यासारखा स्वच्छ निघाला. डाल्टनचा तर्क चुकला होता. डोळ्यांचे अवशेष मात्र जतन करून ठेवले गेले. दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्यांतील आनुवंशिक द्रव्य तपासले आणि हिरव्या प्रकाशाची जाणीव करून देणारे द्रव्य त्याच्या डोळ्यांत नव्हते, हे खरे कारण उजेडात आले.

डाल्टनचा अणूही पुढे तपासला गेला. अणूपेक्षाही लहान असा इलेक्ट्रॉन नावाचा कण असतो, हे १८९७ मध्ये केंब्रिजला टॉमसनने दाखविले. अणूच्या गर्भात केंद्रक आहे, हे १९११ साली रदरफर्डने सांगितले, आणि तेही डाल्टनच्याच मँचेस्टर शहरात! एकाच मूलद्रव्याच्या सर्व अणूंचे वजन सारखे असतेच असे नाही, हेही कळून आले. झ्युरिक येथे १९८१ मध्ये असे एक सूक्ष्मदर्शक यंत्र तयार झाले, की ज्याने अणूंची रचना चित्ररूपाने पाहता येते. डाल्टनने सांगितलेल्या काही गोष्टी अशा रीतीने गळून पडल्या. परंतु पदार्थ अणूंचे बनलेले आहेत आणि रासायनिक क्रियेत अणूंची नवी मांडणी होते, या पायावरच आजचे रसायनशास्त्र उभे आहे. अणूंचे व रेणूंचे वस्तुमान मोजण्याच्या एका एककाला आज डाल्टन हे नाव आहे.

दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४० मध्ये, मँचेस्टरवर बाँबवर्षाव झाला आणि मंडळाच्या वास्तूबरोबर डाल्टनच्या अनेक वह्या जळून खाक झाल्या. वर्षानुवर्षे जपलेले कागद एका रात्रीत गेले. परंतु त्या कागदांचाही एकही अणू नष्ट झाला नाही. त्यांनी केवळ नवी रूपे घेतली, हे डाल्टननेच जगाला शिकविले होते. त्याच्यापाशी ना विद्यापीठाचे शिक्षण होते, ना मौल्यवान उपकरणे, ना रंग ओळखणारे डोळे. त्याच्यापाशी एक वही होती, एक तराजू होता, आणि सुटल्यावाचून उदाहरण सोडावयाचे नाही, ही लहानपणापासूनची सवय होती. तेवढ्या सामग्रीवर त्या शाळामास्तराने अदृश्य अणूला मनुष्याच्या हिशेबात आणले.